दिघीतला मुक्काम

सकाळची शाळा सुटत आली होती. फळ्यावरची गणितं पुसत असताना फोन वाजला आणि त्यावर मोठ्या भाऊजींचं नाव दिसलं, तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं, कारण भाऊजी स्वतःहून कुणाला फोन करत नाहीत. "मंगल, घरी ये... सुलभा उठत न्हाय." एवढंच बोलले. मी मुरुडहून रिक्षा करून घरी पोचले तोवर सगळं संपलं होतं. ताई परसात वाळत घातलेली आमसुलं उलटत बसल्या होत्या, तिथंच कलंडल्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसले, की पहिल्यांदा मला माझीच एक गोष्ट लिहावी लागते. ती टाळून मला पुढे जाता येत नाही.

सुलभाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. एका घरात, एका ओट्यावर आम्ही बावीस वर्षं स्वयंपाक केला. मी घाटावरची, लग्न होऊन आले तेव्हा मला मासळीतलं काही कळत नव्हतं. ओले बोंबील कसे धरायचे आणि पाठवणीला आल्यासारखं तोंड न करता ते कसे साफ करायचे, हे त्यांनी मला शिकवलं. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यांचं माहेर दिघीला, म्हणजे खाडीपलीकडे. आगरदांड्याला फेरीबोटीत बसलं की समोरच. महिन्यातून एकदा तरी त्या आईला भेटून यायच्या, चार दिवस राहायच्या, येताना पिशवीभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणायच्या.

ताई घोरायच्या. घरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर थट्टाही चालायची. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हा आम्ही सगळ्या बायका दिघीच्या घरात माजघरात ओळीनं झोपलो होतो. नवा फोन होता माझ्याकडे. ताईंचं घोरणं मी त्यावर टिपलं आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या गडबडीत चहा पिताना सगळ्यांना ऐकवलं. करवल्या लोळून हसल्या. ताईंची भावजय म्हणाली, "वन्सं, पावण्यांना आमी सांगितलं, पलीकडं बोटीचं इंजिन चाललंय." ताईही हसल्या. मला वाटलं, झालं... गंमत झाली, संपली.

ती संपली नव्हती. त्या लग्नानंतर ताई दिघीला कधीच राहिल्या नाहीत. सकाळी जायच्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेरीनं परत यायच्या. आईनं पदर धरला तरी यायच्या. "ह्यांना माझ्या हातचं जेवण लागतं," असं सांगायच्या. आमच्या घरातही त्यांनी आपलं अंथरूण मागच्या खोलीत नेलं. तिथं नारळ, सुकी लाकडं आणि भाताची कणगी असायची, खिडकी नव्हती. बारशाला, पूजेला, कुठंही गेल्या तरी दिवस मावळायच्या आत परत. आमच्या मुलीला दहावीनंतर सगळ्यांनी मिळून कोल्हापूरला न्यायचं ठरलं, तर ताईंचे गुडघे दुखायला लागले. मला कारण ठाऊक होतं. मी ते एकदाही तोंडातून काढलं नाही.

पुढे पुढे त्या दिवसाही पेंगायला लागल्या. दूध ओतू जाऊन करपायचं आणि त्या समोर उभ्या असायच्या. सकाळी उठल्या की डोकं जड, रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या. एकदा बोटीत बसल्याबसल्या झोपल्या आणि आगरदांड्याला न उतरता पुन्हा दिघीला पोचल्या. खलाशांनी हलवून उठवलं. घरी येऊन हे सांगताना त्या हसल्या नाहीत. मीच मग हट्टानं त्यांना अलिबागच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत श्वास थांबतो का यांचा? कुणी पाहिलंय?" पाहणार कोण? त्या एकट्या झोपत होत्या. माझा फोन पर्समध्ये होता. जुन्या फोनमधलं सगळं नव्यात येतं, तसं तेही आलं होतं. शेवटी म्हटलं, "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी ते पुसलं नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

डॉक्टरांनी फोन कानाशी धरला. घोरणं, घोरणं, मग एकदम शांतता. त्या शांततेत माझं दाबलेलं हसू ऐकू येत होतं. मग गुदमरल्यासारखा एक मोठा आचका, आणि पुन्हा घोरणं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ही जी मधली शांतता आहे ना, तिथं यांचा श्वास बंद पडलाय. झोपेत घसा मिटतो. मेंदू जागा होऊन तो उघडतो. रात्रभर हेच चालतं. म्हणून दिवसा झोप येते." ज्या जागेवर आम्ही सगळ्यांत जास्त हसलो होतो, ती नेमकी तीच जागा होती.

मग तपासणी झाली आणि श्वासाचं मशीन घरी आलं. डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी, नळीला मुखवटा. झोपताना लावायचं, ते हवेचा दाब देऊन घसा मिटू देत नाही. "म्हणजे बरं कधी वाटणार?" ताईंनी विचारलं. रोज लावलं तर बरंच वाटेल, पण लावावं रोज लागेल, असं उत्तर मिळालं. ताई पुटपुटल्या, "म्हणजे जन्मठेपच." पहिल्या आठवड्यात त्यांनी ते तीनदा ओरबाडून काढलं. "कुणीतरी तोंडावर हात दाबून धरल्यासारखं वाटतं गं. आत घ्यायच्या आधीच हवा घुसते, बाहेर सोडू देत न्हाय." एकदा मध्येच वीज गेली, तेव्हा त्या किंचाळतच बाहेर आल्या. मशीन कपाटावर गेलं आणि चार महिने तिथंच राहिलं.

एका रविवारी दुपारी मी ते खाली काढलं आणि म्हटलं, "ताई, आधी मी लावते." मागच्या खोलीत त्यांच्याच अंथरुणावर आडवी झाले. त्यांनी पट्टे आवळले, बटण दाबलं. दोन श्वासांत मला घाम फुटला. छतापर्यंत रचलेली लाकडं, खिडकी नाही, आणि नाकातोंडात रेटणारी हवा... मी हात झाडले. ताईंनी पटकन मुखवटा काढला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "आता कळलं ना?" एवढंच म्हणाल्या. त्या खोलीत मी त्यांना दहा वर्षं ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी रडत रडत माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऊठ, आधी त्या मशीनवाल्याला फोन लाव."

त्यानं फोनवर विचारलं, तर आमचं बरंच चुकत होतं. हवा सुटू नये म्हणून आम्ही पट्टे करकचून बांधत होतो. मुखवटाच मोठा होता, त्यानं लहान पाठवला. सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवायची सोय यंत्रात होती, ती बंदच होती. वीज गेली तरी मुखवट्याच्या झडपेतून बाहेरची हवा येते, गुदमरायला होत नाही, हेही त्यानं सांगितलं. आम्ही प्लग काढून ते करून पाहिलं. मग ताई दिवसा मुखवटा लावून मालिका बघायला लागल्या, तांदूळ निवडायला लागल्या. अंथरूण पुढच्या खोलीत आलं, खिडकीखाली. सवय व्हायला दोन महिने गेले. आवडलं त्यांना ते कधीच नाही. पण एका सकाळी चहा ओतताना म्हणाल्या, "मंगल, आज डोकं हलकं हाय गं."

या माघात त्या मशीन पिशवीत घालून दिघीला गेल्या आणि चार रात्री राहिल्या. येताना बोटीच्या कठड्याला टेकून, जाग्या, उभ्या आल्या.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांना भेटले. अकरा वर्षं आधी आणलं असतं तर, असं विचारलं. ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." हे वाक्य घेऊन मी रोज उठते. हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, तर मी कदाचित सुटले असते.

गेल्या आठवड्यात दिघीला गेले. ताईंची आई आता नव्वदीला टेकलीय. मला जवळ बसवून तिनं हळूच विचारलं, "सुलभा येवढी वर्सं का रायली न्हाय गं? माझ्यावर राग हुता का तिचा?" म्हणजे शेवटच्या मुक्कामातही ताईंनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. फोनचं, हसण्याचं, सगळं. म्हातारी म्हणाली, "तिचा बापूस घोरायचा तर आंगणात आयकू यायचं. मला त्यानंच झोप लागायची... माज्याकडं घोरायला लाजली व्हय?"

ती मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. गेरूचा हात दिलेल्या जुन्या भिंतीवर, खाटेच्या उशाशी, नवा पांढरा स्विचबोर्ड बसवला होता. माघात मशीनसाठी वायर स्वयंपाकघरातून ओढावी लागली, पायात येत होती, म्हणून ताई मुक्काम आटोपून परतल्यावर वायरमन बोलावून तिनं तो बसवून घेतला होता. पुढच्या खेपेसाठी. घरातल्या कुणालाही ती त्यावर फोन चार्जिंगला लावू देत नाही.

मी बटण दाबून पाहिलं. बारीकसा लाल दिवा लागला. बंद करायला पुन्हा हात नेला, तर म्हातारीनं मनगट धरलं.

"ऱ्हावं दे," ती म्हणाली.