तपासल्याशिवाय उघडायचं नाही

मुलीनं अकोल्याच्या एका प्रकल्पात माती तपासणीच्या कामासाठी अर्ज केला, तेव्हा ई-मेलच्या रकान्यात माझा पत्ता लिहिला. मीच तसं सांगितलं होतं. घरात पत्ता एकच असावा, म्हणजे आलेलं पत्र कुठं शोधायचं हा प्रश्न राहत नाही, असं माझं मत. जागा दोन होत्या. मुलाखतीचं बोलावणं ई-मेलनं येईल एवढंच जाहिरातीत होतं, तारीख दिलेली नव्हती.

अर्ज गेल्यावर नवव्या दिवशी, रविवारी, मी कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. घाई काही नव्हती. जुन्या सिस्टिमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत अशी सूचना रोज स्क्रीनवर यायची, आणि रोजची सूचना मला सहन होत नाही. सकाळी बसलो ते दुपारी सव्वातीनला उठलो. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मेलच्या प्रोग्रॅममधलं एक हिरवं चिन्ह गायब होतं. आलेला प्रत्येक मेल आधी व्हायरससाठी तपासणारं अ‍ॅड-ऑन होतं ते. नव्या सिस्टिमवर ते चालेना.

दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं, त्याचं कारण सांगतो. आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या सूचना माझ्याकडून जातात. पौर्णिमेची वंदना, कुणाच्या घरी दिवंगतासाठीचं पुण्यानुमोदन, धम्मवर्गाची वेळ. यादीत २१२ पत्ते आहेत. सहा वर्षांपूर्वी माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक व्हायरस शिरला आणि त्यानं माझ्या नावानं त्या २१२ जणांना एक फाइल पाठवली. बहुतेकांनी उघडली नाही. परतवाड्याच्या एका निवृत्त गुरुजींनी उघडली, कारण नाव माझं होतं. त्यांच्याकडचे चौदा वर्षांचे फोटो गेले. त्यांच्या बायकोचे शेवटच्या आजारपणाआधीचे बहुतेक सगळे फोटो त्यातच होते. मी माफी मागायला गेलो तर गुरुजींनी चहा दिला आणि त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून नियम केला, तपासल्याशिवाय काहीही उघडायचं नाही.

म्हणून अ‍ॅड-ऑन सुरू होईपर्यंत मी मेल उतरवून घेणंच बंद ठेवलं. सोमवारी मुलगी म्हणाली, "बाबा, मले पासवर्ड द्या. मी फोनवर पाहून घेतो."

"फोनवर तपासणी होत नाही. दोन दिवस थांब."

"आन् दोन दिवसांत बोलावनं येऊन गेलं तर?"

"येऊन जात नाही. आलेला मेल तिथंच राहतो."

त्या वेळी हे खरं होतं. मेल जोवर आपल्या कॉम्प्युटरवर उतरवला नाही तोवर तो तिकडे, मेल कंपनीच्या सर्व्हरवर सुरक्षित राहतो. उतरवला की तिकडची प्रत पुसली जाते. जागा भरू नये म्हणून ही सोय मीच केलेली होती.

वहीत प्रयत्नांना क्रमांक देत गेलो. पहिला, काढून पुन्हा टाकणे. दुसरा, आधीची आवृत्ती. तिसरा, मदत केंद्राला फोन. सत्तावीस मिनिटं थांबवून त्यांनी पहिलाच प्रयत्न करायला सांगितला. जेवताना उठून पाहायचो, अंघोळीला जाता जाता पाहायचो. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी त्रेपन्न टक्क्यांवर थांबायची, आणि मी खुर्चीमागून फेऱ्या मारायचो.

"तुमी जेवून राह्यले का त्या डब्ब्याले जेवू घालून राह्यले?" बायको म्हणाली. ताटातला भात गार झाला होता.

बुधवारी जयस्तंभ चौकाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं माझी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि हसला.

"भाऊ, अकरा वेळा केलं तुमी हे?"

"बारा. आज सकाळचा लिहायचा राहिला."

"काहून येवढा जीवाले घोर लावून राह्यले? आता मेल पाठवनारेच तिकडून तपासून पाठवतात."

"माझ्याकडून गेला होता तेव्हा कुणी तपासला होता?"

त्यानं वही मिटवून माझ्याकडे सरकवली. मग त्यानं विचारलं, "मेलचा प्रोग्रॅम किती बिटचा हाये?" तो बत्तीसचा होता. अ‍ॅड-ऑनची नवी आवृत्ती चौसष्टची. "मंग कसं जमन? बसवा चौसष्टचा," तो म्हणाला. बारा प्रयत्नांत हा आकडा मी एकदाही पाहिला नव्हता, याचीच मला जास्त लाज वाटली.

गुरुवारी दुपारी तसं केलं. हिरवं चिन्ह आलं. तपासणीसाठी मुद्दाम बनवलेली एक निरुपद्रवी फाइल असते. ती बायकोच्या फोनवरून स्वतःला पाठवली. तेवढा एकच मेल उतरवला, अ‍ॅड-ऑननं ती फाइल तत्काळ पकडली. मग नियम ठरवायचे होते. संशय आल्यास रोखून ठेवायचं, विचारायचं की कायम काढून टाकायचं? मी कायम काढून टाकायचं निवडलं. जी फाइल आतून पाहता येत नाही ती संशयास्पद धरायची का? हो. चार वाजून चाळीस मिनिटांनी सगळे मेल उतरवले. एकसष्ट.

त्यातला चव्वेचाळिसावा अकोल्याचा होता. बुधवारी आलेला. लिहिलं होतं, सोबतच्या पत्रातील दिनांक व वेळेनुसार मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे, फाइलचा पासवर्ड आपली जन्मतारीख. खाली पत्राच्या जागी अ‍ॅड-ऑनची एक ओळ होती: फाइल कुलूपबंद असल्याने तपासता आली नाही, कायम काढून टाकली आहे.

मुलगी मागे उभी होती. तिनं ती ओळ वाचली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिकडची प्रतही पुसली गेली होती. मी लगेच उत्तर लिहिलं, पत्र पुन्हा पाठवा. मेलमधल्या फोन नंबरवर सहा वेळा लावलं. वाजून वाजून बंद झाला. सहा वाजेपर्यंत उत्तर नाही. शुक्रवारी सकाळी अकोल्याला जाऊन तारीख विचारायची, असं ठरलं.

सकाळी मुलगी निघाली ती इस्त्रीचा ड्रेस घालून, सगळ्या मूळ कागदांची फाइल घेऊन.

"नुसती तारीख तर विचारायची आहे," मी म्हणालो.

"बाबा, तुमी आता काहीच बोलू नका."

बस मूर्तिजापूरला थांबली. दहा मिनिटं, कंडक्टर म्हणाला. अकरावं मिनिट झालं तेव्हा मी खाली उतरून ड्रायव्हरला शोधून आणलं. तो म्हणाला, "काका, कोनी सिरियस हाये का?" मी हो म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही आणि बस जोरात काढली. जागेवर परत आलो तेव्हा मुलगी फोनवर काहीतरी भरत होती. मी डोकावलो नाही.

दहा वाजून बावीस मिनिटांनी कार्यालयात पोचलो. व्हरांड्यात बाकांवर मुलं-मुली फाइली मांडीवर घेऊन बसलेली. टेबलाशी बसलेल्या बाईंनी मुलीचं नाव यादीत पाहिलं. "आजच हाये नं तुमची मुलाखत. कागदं तपासनं साडेदाहालोक, मंग बंद. इतका उशीर कराव का?"

मुलीनं फाइल पुढं केली. मी झालेला प्रकार सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. एकोणीस जणांत तिचा नंबर सोळावा. बाईंनी कागद बघून शिक्का मारला.

"निकाल मेलवर येईल. पत्ता हाच ना?"

"नाही मॅडम, बदलायचाय," मुलगी म्हणाली आणि फोनमध्ये पाहून एकेक अक्षर सांगितलं. तासाभरापूर्वी बसमध्ये काढलेला पत्ता होता तो. बाईंनी माझा पत्ता खोडून वर नवा लिहिला.

मी दुपारी दोनपर्यंत व्हरांड्यात चालत होतो. ती बाहेर आली, चांगली झाली म्हणाली, आणि पाणी पिऊन आली. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली, बडनेऱ्यापर्यंत झोपली.

निवड झाली. मेल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मला बायकोकडून कळलं.