आठव्या दिवसाचा आकडा

वारंगा फाट्याच्या अलीकडे बियाण्यांचा एक प्लांट होता. तिथल्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं नोकरी केली. लॅब म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि वाळूने भरलेले ट्रे. गावागावांतून सोयाबीन यायचं, यंत्रावर साफ व्हायचं, त्याचे लॉट पडायचे, आणि प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे माझ्याकडे यायचे. ते मी ओल्या वाळूत मांडायची. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. शंभरात सत्तर दाणे धड उगवले तर लॉट पास, नाहीतर नापास. बी.एस्सी. झालेली आमच्या घरातली मी पहिलीच. बाबा सगळ्यांना सांगायचे, पोरगी सायंटिस हाय. मी दाणे मोजते हे त्यांना कधी पटलंच नाही.

मे महिना लागला की प्लांटवर कुणाचा पाय ठरत नसे. दुकानदारांच्या गाड्या फाटकाबाहेर लागायच्या आणि आठ दिवस थांबायची कुणाची तयारी नसायची. मॅनेजर साहेब खिडकीतून विचारायचे, "ताई, दाणा कसा दिसतोय?" मी म्हणायची, "बरा दिसतोय." तेवढ्यावर माल निघायचा. रजिस्टरमध्ये आकड्याची जागा मी रिकामी ठेवायची आणि आठव्या दिवशी भरायची. बहुतेक वेळा लॉट पासच व्हायचा. एखादवेळी अडुसष्ट आले तर मी सत्तर लिहिले आहेत. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा औरंगाबादच्या मुख्य ऑफिसने ठरवलं की सगळे प्लांट एकाच सॉफ्टवेअरवर आणायचे. गच्चीवर इंटरनेटसाठी मोठी छत्री बसली. गोदामात एक, ऑफिसात दोन आणि माझ्या लॅबमध्ये एक असे कॉम्प्युटर आले. शिकवायला पुण्याचे एक गृहस्थ तीन आठवडे राहिले. त्या सॉफ्टवेअरला ते म्हणायचे ईआरपी. पॅकिंगच्या बायकांची मुकादम होती, तांड्यावरची, तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ही आरपी कोण हाय? कवा येऊन राहिली?"

ऑफिसातल्या बैठकीला मला तोवर कधी कुणी बोलावलं नव्हतं. या वेळी बोलावलं. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "आता लॉट गोदामात आला की तो स्क्रीनवर लाल दिसेल. मॅडमनी उगवणीचा आकडा टाकला आणि तो पास झाला, तरच हिरवा होईल. लाल लॉटची गाडी फाटकातून निघणार नाही. फाटकाची पावतीच छापली जाणार नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मी उगाच वहीत काहीतरी लिहीत राहिले.

त्या मोसमात मला एका जागी बसणं जमेना. गोदामवाला दर अर्ध्या तासाने यायचा. "ताई, हिरवं करा ना." ड्रायव्हर खिडकीपाशी उभे राहायचे. मी दिवसातून दहादा ट्रे बघायची, जसं काही माझ्या बघण्याने कोंब लवकर वर येणार होते. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला, की आधी लॉट पाहायची. लालच.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. नगरकडचे, पन्नाशीचे. माझी मुलगी नांदेडला दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी आपली जीप पाठवली होती. पण आता त्यांच्याही जिवाला स्वस्थता नव्हती. आमच्या गोदामात काय पडून आहे, हे औरंगाबादला बसून दिसू लागलं होतं. तासातासाला फोन. माल का हलत नाही? लॉट अजून लाल का?

असाच एक लॉट होता. पाचव्या दिवशी मोजणी अठ्ठावन्न आली. साहेब लॅबमध्ये आले आणि स्टूल ओढून बसले.

"आठव्या दिवशी किती होईल?"

"वाढेल, साहेब. पंच्याहत्तरपर्यंत जाईल बहुतेक."

"मग तेच टाका. तीन दिवसांनी जे लिहिणार, ते आज लिहा."

"यात तारीख पडते, साहेब. वेळ पण पडते."

"पडू द्या. तारीख बघायला कोण बसलंय? शिरड शहापूरची गाडी सकाळपासून उभी आहे."

मी चौऱ्याहत्तर टाकले. पंच्याहत्तर टाकले तर आकडा मनाने टाकल्यासारखा दिसेल, एवढा विचार मी त्या क्षणी केला, आणि त्याचीच मला नंतर जास्त लाज वाटली. लॉट हिरवा झाला. गाडी गेली.

आठव्या दिवशी ट्रे मोजला. चारशेतले दोनशे चव्वेचाळीस. म्हणजे एकसष्ट. पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा मोजला. उशिरा येतील म्हणून ज्यांच्यावर भरवसा ठेवला होता, ते दाणे वाळूत मऊ पडून कुजले होते. बोटाने दाबलं की साल सुटून येत होती.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"कॉम्प्युटरवर चौऱ्याहत्तर आहे ना? मग चौऱ्याहत्तरच."

"साहेब, पेरणी तोंडावर आली आहे."

"शेतकरी तसाही दाणा जास्तच टाकतो. तुम्ही पुढचे लॉट बघा."

घरी नवऱ्याला सांगितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आधी म्हणाले, "गप राहा. नोकरी बघ." मग भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "पण तुझ्याच्यानं राहवणार असेल तर." एवढंच. 

माझ्याच्यानं राहवत नव्हतं. दोन दिवस हातातून वस्तू पडत होत्या. एका लॉटचे दाणे दुसऱ्याच्या ट्रेमध्ये मांडले आणि पुन्हा उपसले. मावशी म्हणाली, "ताई, तकलीफ काय हाय तुमाला? ताप आला का?" संध्याकाळी फाट्यावरून बस धरायची, तर बसमध्ये लोक बियाण्याच्या पिशव्या पायाशी घेऊन बसलेले. आमची पिशवी दिसली की मी मान वाकडी करून तिच्यावरचा लॉट नंबर वाचायची. एका म्हाताऱ्याने पिशवी अंगाजवळ ओढून घेतली. त्याला वाटलं, बाईची नजर चांगली नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याच्या गृहस्थांना फोन केला.

"मॅडम, टाकलेला आकडा पुसता येत नाही. फेरतपासणी म्हणून नवा टाकता येतो. पण तो नापास असला तर लॉट आपोआप अडेल आणि मुख्य ऑफिसला लगेच निरोप जाईल. साहेबांना विचारून करताय ना?"

"हो," मी म्हणाले. विचारलं नव्हतं.

फोन ठेवला आणि फेरतपासणीत एकसष्ट टाकले. लॉट लाल झाला. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. अर्ध्या तासात ऑफिसातला फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. मग साहेब आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावरच उभे राहिले.

"मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं होतं, साहेब."

ते वळून गेले.

औरंगाबादहून हुकूम आला, माल परत आणा. दुकान कोणतं हे सॉफ्टवेअरला ठाऊक होतं, त्याच्या पुढचं काही ठाऊक नव्हतं. शिरड शहापूरच्या दुकानात बऱ्याच पिशव्या शिल्लक होत्या, पण काही विकल्या गेल्या होत्या. दुकानदाराच्या पावतीपुस्तकातून नावं आणि गावं उतरवली आणि आमचा फील्डवरचा माणूस जीप घेऊन निघाला. साहेब म्हणाले, "ताईंनाही घेऊन जा. त्यांना फार काळजी आहे." टोमणाच होता तो. पण नाहीतरी मी गेलेच असते.

तीन दिवस फिरलो. पिशवी परत मागणारं कुणी त्या लोकांनी कधी पाहिलंच नव्हतं. एका तांड्यावर एक बाई पिशवीवर हात ठेवून बसली.

"काहून परत नेऊन राहिले? चांगलं बियाणं दुसऱ्याला द्याचं हाय का?"

"चांगलं नाही, म्हणूनच नेतोय. बदलून देतो."

"मंग आधी ते आणा. मंग हे न्या."

तिचं बरोबर होतं. आम्ही जीपमधून दुसऱ्या लॉटची पिशवी आणून तिच्यापुढे ठेवली, तेव्हा तिने हात काढला.

औंढ्याच्या रस्त्याला एका वस्तीवर एक शेतकरी भेटला. साठीचा असेल. आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी परवाच पाह्यलं. वल्ल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठिवले व्हते. साठ आले."

 माझा आकडा एकसष्ट होता. "मग दुकानात परत का नाही केलं?"

"पिशवीवर तर पास लिहेल हाय, बाई. माह्या गोणपाटाचं कोण आयकतंय? दाणा वाढवून पेरू म्हणलं."

"ते पास मीच लिहिलं होतं," मी म्हणाले.

 त्याने स्वतःच पिशवी उचलली, जीपमध्ये टाकली, बदली आलेली पिशवी खांद्यावर घेतली आणि घरात गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

चार पिशव्या सापडल्याच नाहीत. पावतीवर अर्धवट नावं होती. त्या कुठे पेरल्या गेल्या, किती उगवल्या, मला आजही माहीत नाही.

महिन्याभराने माझ्या नावाचा मेमो आला. ठरलेल्या दिवसाआधी आकडा टाकला, असा ठपका होता. साहेबांचं नाव त्यात कुठे नव्हतं. औरंगाबादहून विचारणा झाली तेव्हा ते म्हणाले होते, लॅबचा निर्णय लॅबचा. सॉफ्टवेअरवरही नाव माझंच होतं. स्टुलावर बसून मला आकडा सांगणाऱ्या माणसासाठी तिथे रकानाच नव्हता. मी उत्तरात जे घडलं ते सगळं लिहिलं. त्यावर पुढे काही झालं नाही.

पुढच्या मोसमाला सॉफ्टवेअर सुधारून आलं. दाणे मांडल्याची तारीख टाकली की आठव्या दिवसापर्यंत आकड्याची जागा उघडायचीच नाही. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. मलाही आठवडाभर वाटलं. मग मे महिन्यातल्या एका दुपारी साहेब लॅबमध्ये आले. या वेळी बसले नाहीत.

"ताई, दाणे मांडल्याची तारीखच तीन दिवस मागची टाकली तर?"

 त्यांची जीप आठवली, नांदेडचा दवाखाना आठवला. मी टेबलावरचा कोरा कागद आणि पेन त्यांच्या बाजूला सरकवलं.

"लिहून द्या, साहेब. तसं करा म्हणून, तुमच्या सहीनं."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पेनला हात न लावता ते निघून गेले.

त्या मोसमात दोन लॉट नापास झाले. मी ते नापासच टाकले. मला कुणी काही बोललं नाही. साहेब आता गोदामवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवायचे, आणि मीही चिठ्ठीवरच उत्तर द्यायची. त्यांची बदली होईपर्यंत दोन वर्षं असंच चाललं. दुपारी ऑफिसात सगळे एकत्र जेवायचे, तिथे मला हाक मारणं बाकीच्यांनीही हळूहळू सोडून दिलं. मी लॅबमध्येच डबा उघडायला लागले, वाळूचे ट्रे थोडे बाजूला सारून.