भाऊंचे कान

लेखकाने पाल्हाळ टाळावा, एकच गोष्ट दोनदा सांगू नये. पुण्याच्या एका शिबिरात हे शिकलो आणि वहीत उतरवून गडचिरोलीकडच्या आमच्या गावी घेऊन आलो. कशाला आणलं, असं आता वाटतं.

आमच्याकडे धान निघालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. त्यात बापाची भूमिका वर्षानुवर्षं शेजारचे भाऊच करायचे. शेतकरी माणूस, अक्षरओळख नाही, पण स्टेजवर उभे राहिले की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. नाटक पाठ करायला इथे फुरसत कोणाला? पडद्यामागून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, नट ते उचलतो.

त्या वर्षी मंडळाने जुनं नाटक माझ्या हाती दिलं, "जरा नीट करून दे बापा." मी पेन घेऊन सुटलोच! मुलगी घर सोडते तिथे बाप म्हणायचा, "काऊन चालली माय? सांग ना, काऊन चालली? ह्या बापाले सोडून काऊन चालली?" तीनदा तेच! मी दोन वाक्यं खोडली. पानोपानी असंच केलं आणि स्वतःवर इतका खूश झालो की विचारू नका.

नाटकात भाऊ सुरुवातीपासून अडखळत होते. त्या प्रवेशात "काऊन चालली माय?" म्हणाले आणि गप्पच झाले. प्रॉम्प्टर ओरडून ओरडून सांगत होता, तरी काही सुचेना. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी तरी ओरडलं, "बुढा झोपला रे!" भाऊ हात जोडून आत गेले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेच ते वाक्य तोंडाने घोळवत भाऊ कानाने पुढचं वाक्य पकडायचे. तेवढीच त्यांना उसंत मिळायची, आणि नेमकी तीच मी कापली होती. एकदा गोंधळल्यावर मग ओरडून सांगितलेलंही त्यांच्या कानात शिरलं नाही. नियम करणाऱ्यांना हे काय ठाऊक? पण त्यांना कशाला बोलू, पेन माझ्या हातात होतं.

भाऊंनी नाटक सोडलं. "पोरानं झकास लिहलं होतं, माहेच कान गेले," असं गावभर सांगत फिरले. मी ऐकून घेतलं. लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

परवा ते चंद्रपूरला कान तपासून आले आणि थेट माझ्याकडे आले.

"डाक्टर म्हणते, कान चांगले हायेत. मंग तवा मले ऐकू काऊन नाई आलं बापा? तू शिकलेला आहेस, तूच सांग."

आता तरी खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, "वय झालं भाऊ तुमचं."

"हव, तेच असन," ते म्हणाले. चपला घालताना पुन्हा म्हणाले, "तेच असन."