मच्छरजाळीआडचं कन्फेशन

बोरिवलीत कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. आईबाप मुलाखतीचे इंग्रजी प्रश्न पाठ करतात, तीन वर्षांच्या पोराकडून ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ घोकून घेतात आणि एवढं करून यादीत नाव आलं नाही की घरात आठवडाभर सुतक पाळतात. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्या मुलीला ही शाळा न मागता मिळाली होती. दुसरी झाल्यावर मी तिला तिथून काढून घरी बसवलं. एवढी अक्कल सगळ्यांना नसते.

निमित्त एका व्हिडिओचं झालं. परदेशातलं एक कॅथलिक कुटुंब होतं. लाकडी घर, सात मुलं, मागे सफरचंदाची झाडं. आई सकाळी पाव भाजते, मुलं लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणतात, दुपारी संतांची चित्रं रंगवतात आणि दिवसभरात कोणी कोणाच्या झिंज्या उपटत नाही. मी हे सगळं आमच्या वन-रूम-किचनमध्ये, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पाहिलं आणि मला देवाचं बोलावणं आलं. ते देवाचंच आहे का, हे विचारायला मी थांबले नाही.

नवरा म्हणाला, “तू म्हणशील तसं.” लग्नापासून तो हेच म्हणत आलाय, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही चूक कधी त्याची नसते. सासूबाई समुद्रकाठच्या उत्तन गावच्या. त्या कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या, “मग तिथे त्या सिस्टर काय माश्या मारायला बसल्यात?” मी त्यांना समजावलं की शाळेत धर्माचे संस्कार वरवरचे होतात, घरी ते मुळापासून होतील. त्यांनी पुढची कोलंबी उचलली.

फ्रिजवर वेळापत्रक लागलं. सकाळी रोझरीची माळ, मग गणित, मग संतचरित्र, मग मराठी. गणित रोझरीच्या मण्यांवर शिकवायचं, ही माझी स्वतःची कल्पना. मुलगी दहाच्या पाढ्यापर्यंत छान पोचली आणि पुढे प्रत्येक दहा मण्यांनंतर, रोझरीत म्हणतात तसं, ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला लागली. वर्गात एकच विद्यार्थिनी, त्यामुळे पहिला नंबरही तिचा आणि कोपऱ्यात उभं राहणंही तिचंच. परीक्षा मात्र मी ठेवल्या नव्हत्या. मुलांच्या मनावर ताण नको, असं त्या व्हिडिओतल्या बाईचं म्हणणं होतं.

मुलगी आठ वर्षांची होती. ती काही बोलायची नाही. मी तो आनंद समजले.

त्याच वर्षी तिची फर्स्ट कम्युनियन होती, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा सोहळा. त्यासाठी मुलं दर रविवारी चर्चमागच्या हॉलमध्ये सिस्टरकडे जातात. मी फादरांना सांगितलं, ही तयारीसुद्धा मी घरीच करून घेणार. फादर म्हणाले, “अहो, येऊ दे ना तिला बाकीच्या मुलांबरोबर.” मी म्हटलं, “फादर, मुलांचे पहिले धर्मशिक्षक आईवडीलच, असं तुम्हीच मिस्सात सांगितलं होतं.” धर्मगुरू स्वतःच्याच प्रवचनात अडकला की त्याचा चेहरा फार बघण्यासारखा होतो. त्यांनी परवानगी दिली.

कम्युनियनच्या आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. घरच्या सरावाच्या आदल्या दिवशी मी तिला कन्फेशनची गुप्तता शिकवली आणि हा धडा माझा फारच रंगला. फादरांना मारलं, कोंडलं, मान कापली तरी ते कोणाचं पाप कोणाला सांगत नाहीत, असं मी हातवारे करून सांगितलं. तिने विचारलं, “पोपनी विचारलं तर?” मी म्हटलं, “पोपनाही नाही.” तिचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, वा, काय शिकवते मी.

दुसऱ्या दिवशी सराव. कपाटाचं दार उघडून मी त्याच्यामागे स्टुलावर बसले. खिडकीची मच्छरजाळीची चौकट काढून दाराला टेकवली. फादर गळ्यात जांभळा पट्टा घालतात म्हणून मी माझी जांभळी ओढणी घातली. मुलगी पलीकडे उशीवर गुडघे टेकून बसली, क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे.”

पहिली दोन पापं किरकोळ होती. आजीला उलट बोलले, रोझरीत झोपले. मग ती जाळीच्या जवळ सरकली. जाळीतून मला तिचं नाक तेवढं दिसत होतं.

“मी खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला सांगितलं की माझ्या हृदयाला भोक आहे. म्हणून डॉक्टरांनी शाळा बंद केलीय. मम्मी घरी शिकवते ते मी सांगितलं नाही. ते सांगायला लाज वाटते.”

खालच्या मजल्यावर मालवणकडचं कुटुंब राहतं आणि त्यांची नात आमच्या मुलीच्या वर्गात होती. आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या घरातल्या काकू दोन महिने वाटीभर काहीतरी घेऊन वर येत होत्या, कधी घावणे, कधी शिरा. आणि जिन्यात भेटल्या की माझा हात धरून म्हणायच्या, “भिया नको गो, गावच्या रवळनाथाक गाऱ्हाणा घातलंय.” मी समजत होते, घरी शिकवण्याच्या माझ्या धाडसाला त्या देवाचं पाठबळ मागताहेत. मी त्यांना दोनदा थँक्यूसुद्धा म्हटलं होतं.

फादरांनी अशा वेळी काय करायचं असतं, ते मला माहीत होतं. शांतपणे ऐकायचं, तीन ‘नमो मरिया’ म्हणायचं प्रायश्चित्त द्यायचं आणि क्षमा करायची. मी स्टुलावरून उठले, चौकट बाजूला ढकलली आणि ओढणीसकट खाली गेले. काकूंच्या दारात उभं राहून सांगितलं की आमच्या मुलीच्या हृदयाला भोकबीक काही नाही, ती ठणठणीत आहे, ती फक्त खोटं बोलली. आतल्या खोलीच्या दारात ती मैत्रीण कंपासपेटी हातात घेऊन ऐकत होती. काकूंनी आधी “देवा म्हाराजा” म्हणून छातीला हात लावला, मग माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

तेवढ्यावर भागलं नाही. रात्रीच्या जेवणाला मी ते सगळं नवऱ्याला आणि सासूबाईंना साभिनय सांगितलं. नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. मुलगी ताटातला भात एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेत होती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ती मैत्रीण तिला खोटारडी म्हणाली आणि चार मुलींसमोर म्हणाली. मुलगी वर आली आणि तिने मला विचारलं, “काल तू फादर होतीस ना?”

“खोटी खोटी गं. सराव होता तो.”

“मग मी खरं का सांगितलं?”

मी तिला संतचरित्र उघडायला सांगितलं.

त्या रविवारी तिने जाहीर केलं की ती कन्फेशनला जाणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “फादर डॅडींना ओळखतात.” एवढंच. मी रागावले, समजावलं, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. पांढरा फ्रॉक शिवून कपाटात टांगला होता, उत्तनचे चाळीस नातेवाईक येणार होते आणि कन्फेशन नाही तर कम्युनियन नाही, हा नियम मीच तिला फ्रिजवर लिहून दिला होता. पण खरं सांगते, फ्रॉकची आणि पाहुण्यांची भीती मी लोकांना दाखवण्यापुरती बाळगली होती. मला भीती वेगळीच होती. पूर्वी ती रात्री अंथरुणात माझ्या पाठीला नाक लावून दिवसभराचं काय काय सांगायची. त्या आठवड्यापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. पोर माझ्या हातून सुटली तर?

शेवटी मी सिस्टरकडे गेले, जिच्या रविवारच्या वर्गाला मी मुलीला पाठवलं नव्हतं. ती तीस वर्षं कम्युनियनची मुलं तयार करतेय. तिने माझी सगळी कथा ऐकली आणि कपाळाला हात लावला.

“अहो, सरावाला खरी पापं घ्यायची नसतात. आम्ही मुलांना खोटी देतो. मी हत्ती चोरला, मी विमान पाडलं, असली. मुलं हसतात आणि पाठ होतं. खरं त्यांचं त्यांच्यापाशी राहतं.”

“हे मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत,” सिस्टर म्हणाली. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “तिची माफी मागितलीत का?”

मागितली नव्हती. घरी जाऊन मागितली. म्हणजे, मी तिला समोर बसवून पंधरा मिनिटं बोलले. त्यात मला किती काळजी वाटली, खोटं बोलणं किती वाईट, मी किती दमते, काकूंना फसवलं जात होतं, हे सगळं आलं आणि शेवटी ‘सॉरी’सुद्धा आलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “झालं?”

आणि शनिवारी चमत्कार घडला. कन्फेशनच्या रांगेत ती स्वतःहून उभी राहिली, आत गेली, चार मिनिटांनी बाहेर आली, बाकावर बसून प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हणाली. मी चर्चच्या मागच्या बाकावरून हे पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. आईची माफी वाया जात नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” रविवारी कम्युनियन झाली, पांढरा फ्रॉक झाला, उत्तनचे पाहुणे जेवून गेले. घरी राहून पोरीची तयारी किती छान करून घेतली, असं तीनजणींनी मला म्हटलं आणि मी नम्रपणे खाली पाहिलं.

तीन आठवड्यांनी फादर आमच्या इमारतीतल्या ख्रिस्ती घरांना आशीर्वाद द्यायला आले. आमचं घर शेवटचं, म्हणून ते जेवायलाच थांबले. सासूबाईंनी बोंबील तळले होते, तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. फादर आणि सासूबाई समोरासमोर बसले. फादर म्हणाले, “आजी, बोंबील झकास.” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या उत्तनला या, याहून ताजे खायला घालते,” आणि कवळीने कुरकुरीत बोंबील कडाकडा चावला. मुलगी जेवत नव्हती. ती फादरांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी दोनदा तिला डोळ्यांनी दटावलं.

फादर हात धुऊन, सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून गेले. दार लागलं तशी मुलगी खुर्चीवर मागे टेकली.

“नाही सांगितलं,” ती म्हणाली.

“काय नाही सांगितलं?”

“मी कन्फेशनमध्ये म्हटलं होतं की आजीची कवळी मी कमोडमध्ये टाकून फ्लश केली. खोटंच. बघायचं होतं, घरी येऊन सांगतात का.” तिने थंड झालेल्या बोंबलाचा तुकडा मोडला. “तीन आठवडे कोणाला बोलले नाहीत. आज तर आजी समोर होती. आता पुढच्या वेळी मी त्यांना खरं सांगीन. मी हे खोटं बोलले ते पण सांगीन.”

सासूबाईंनी तोंडाला हात लावून कवळी जागेवर आहे ना, ते पाहिलं. नवरा हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. मीही हसण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, “बरंय बाई, फादर पास झाले. माझी परीक्षा कधी घेणार?”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. असता तर मला बरं वाटलं असतं.

“तुझी झाली ना,” ती म्हणाली आणि फादरांचं ताट उचलून आत घेऊन गेली.