बाद माल

माझ्या मुलीच्या विज्ञान प्रकल्पाचा अर्धा भाग मी भंगारवाल्याला देऊन टाकला.

चालणारा नमुना टेबलावर होता, त्याला मी हात लावला नाही. पण शेजारच्या खोक्यात वाकड्या तारा, भिजून लगदा झालेला पुठ्ठा, भोकं पडलेल्या बाटल्या असला पसारा होता. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. बाद माल दिसला की माझा हात आपोआप लाल पेटीकडे जातो. घरात लाल पेटी नाही, म्हणून दारावरून चाललेली हातगाडी थांबवली.

शाळेवर माझा पहिल्यापासून संशय. नववीच्या पालकसभेत विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या, "आम्ही उत्तरं सांगत नाही. मुलांना चुकू देतो." मी शेजारच्या पालकाच्या कानात म्हणालो, "म्हणजे शिकवायचंच नाही, अन् वर त्याला तत्त्व म्हणायचं!" भिंतीवर 'आधी करून पाहा, मग बोला' असं रंगवलेलं. आमच्या कारखान्याच्या भिंतीवरही 'गुणवत्ता प्रथम' आहे. त्याच्याखाली काय चालतं ते मी रोज बघतो.

आमच्याकडे नळ आला की ड्रम हमखास भरून वाहतो. ड्रम भरताच पाणी आपोआप बंद करणारी, बाटलीवर तरंगणारी दांडी मुलीनं बनवली होती. प्रदर्शनात ती टेबलाशी उभी राहिली अन् मी इतरांचा माल तपासत हिंडलो. एका यंत्रमानवाजवळ त्या मुलाच्या वडिलांना विचारलंसुद्धा, "कुठल्या वर्कशॉपमधून करून आणला?" ते हसले नाहीत.

परत आलो तर बाई आमच्या टेबलाशी. "छान बंद होतंय. फसलेले नमुने कुठे आहेत? ते मांडायला सांगितलं होतं."

"पप्पांनी भंगारात दिले."

बाईंनी दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपण कुठे असता?"

"वाळूजला, इंजिनिअरिंग कंपनीत," मी छाती काढून सांगितलं, अन् सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. पुरवठादाराच्या मालाकडे मी अगदी तसंच बघतो.

"दांडी फार सुबक वाकवली आहे."

"मॅडम, शपथ! मी हात पण नाही लावला."

"हात लावला नसता तर फसलेले नमुने इथं असते. आता हे तिनंच केलंय, हे मी कशावरून मानू?"

मुलीचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "मॅडम, इथंच परत करून दाखवू? पहिल्यापासून. फसलेलं पण."

बाईंनी बादली मागवली अन् समोर स्टूल ओढून बसल्या. मुलीनं पुठ्ठ्याची दांडी कापून लावली, पाणी सोडलं. पुठ्ठा भिजला, दांडी लोंबली, बादली भरून वाहिली. बाई वाकून बघत होत्या. मला राहवेना. मी दांडी सरळ करायला पुढं झालो.

"पप्पा, तुम्ही बाहेर जाऊन चहा प्या," मुलगी म्हणाली. "तुम्ही जवळ उभे राहिलात की माझं खरं बी खोटं वाटायलंय."