पानदान कुणाचं?

दर एक जानेवारीला मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवून घेते. गिझरची कॉइल, टाकीची सफाई, विम्याचा हप्ता. कामं होतात, खोडली जातात. एकच काम सात डायऱ्यांतून जसंच्या तसं पुढे आलं आहे: 'मावशींना पत्र'. मावशींना जाऊन तीन वर्षं झाली. यंदाही मी ते उतरवलं.

मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आम्ही नुकतेच पनवेलला आलो होतो. मी कचेरीत आवक-जावक सांभाळायची. मुलगी कॉलेजात जाऊ लागली होती. मावशी एकट्या राहत. कोकणातल्या ज्यू, मराठी माझ्यापेक्षा चोख. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवारी दिवस मावळेपर्यंत स्टोव्ह पेटवायच्या नाहीत, चहा आधीच थर्मासमध्ये भरलेला असे. त्यांच्या नात्यातली माणसं एकेक करून इस्रायलला गेली होती. मुलगाही तिकडेच. तो बोलावत होता आणि या जात नव्हत्या.

रविवारी चारला त्यांच्याकडे ब्रिजचा डाव बसे. मला नवऱ्याने कचेरीतल्या स्पर्धेसाठी ब्रिज शिकवलं होतं, म्हणून चौथा भिडू म्हणून माझी वर्णी लागली. मी आणि एक निवृत्त डॉक्टर एका बाजूला. मावशी आणि बाईसाहेब दुसऱ्या बाजूला. बाईसाहेब एका जहागीरदाराच्या सूनबाई. पळस्प्याच्या पुढे त्यांची वाडी होती, तिथून त्या फियाट घेऊन येत. सत्तरीतही पाठ ताठ, जिभेला धार. मी कधी चुकीची बोली केली की म्हणत, "हिच्या कचेरीत फायली अशाच हरवत असणार." गुणांची वही अर्थातच माझ्याकडे.

वर्षभराने एकदा डाव संपल्यावर मावशींनी मला थांबवून घेतलं. कपाटातून एक कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. चांदीचं चौकोनी पानदान. झाकण सपाट, कोपऱ्यात त्यांच्या नावाचं आद्याक्षर. चांदी काळीठिक्कर पडली होती.

"हे मला तिने दिलं होतं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला."

मग त्यांनी सांगितलं. पन्नासच्या आसपासची मुंबई. मावशींचे यजमान नावाजलेले सॉलिसिटर, समुद्रासमोर घर. बाईसाहेब आणि त्या अगदी जिवाभावाच्या. एकीचा आचारी आजारी पडला की दुसरीकडून डबा जायचा. नवी साडी आधी एकमेकींना दाखवायची, मग नवऱ्यांना. क्लबात ब्रिजला दोघी कायम भिडू, आणि पानदान टेबलावर मधे. पुढे काही लोकांनी तक्रार केली. झाकण आरशासारखं होतं. त्याच्यावरून पत्ते वाटले की वाटणाऱ्याला प्रत्येक पत्ता क्षणभर दिसे.

"कमिटीने आम्हा दोघींना बोलावलं. चार पुरुष, एक टेबल, मधे पानदान. विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, हिचं."

"आणि तुम्ही?"

"मी हो म्हटलं. माझंच होतं ना! त्याचा काय उपयोग चालला होता ते मला घरी आल्यावर यजमानांनी पत्ता धरून दाखवलं, तेव्हा कळलं. वाटताना पानदान स्वतःकडे ओढायची सवय तिची होती, माझी नाही."

क्लबाचं दोन ओळींचं पत्र आलं, सभासदत्व रद्द. दिवाळीला वीस घरांतून फराळाची ताटं यायची. त्या वर्षी दोन आली, त्यातलं एक चुकून. यजमानांचे मोठे अशील हळूहळू दुसरीकडे गेले. मग घर विकून मावशी पनवेलला, आपल्या आजोबांच्या गावी आल्या. बाईसाहेब इकडे राहायला आल्या त्या तीस वर्षांनी. बाजारात दोघींची गाठ पडली आणि पुढच्या रविवारपासून डाव सुरू झाला. मधल्या वर्षांबद्दल एक शब्द नाही.

"त्यांच्याबरोबर कसं खेळवतं तुम्हाला?" मी विचारलं.

"मला तेव्हापासून ओळखणारं दुसरं कोण उरलंय गं? आणि मला तिच्या तोंडून एकदा ऐकायचंय. मी केलं होतं, एवढंच. मग मी जाते मुलाकडे. असा डाग घेऊन नाही जायचं मला."

मला अडलेलं काम दिसलं की हात शिवशिवतात. मी पानदान घरी नेलं. आमच्याकडे कामाला जवळच्या ओवे गावाहून एक बाई यायची. तिने ते दातांच्या पावडरीने घासलं आणि झाकण माझ्यासमोर धरलं. "बगा बाय, तोंड दिसतंय! घरात आरसा नको आता." पुढच्या रविवारी मी त्यात लवंगा-वेलदोडे भरून ते टेबलावर ठेवलं आणि वहीत एक नवा रकाना आखला: 'कुणी वाटले'.

बाईसाहेबांनी पानदान पाहिलं. "अगंबाई, अजून आहे का हे!" एवढंच म्हणाल्या. पण त्यांची वाटायची पाळी आली तसं डाव्या हाताने त्यांनी ते जवळ ओढलं. डोळे खाली, हात भरभर चालू. बदामाची राणी कुणाकडे आहे हे ज्याला आधीच माहीत, त्याने डाव हरणं कठीण. सात रविवार मी रकाना भरला. दुसऱ्या कुणी वाटलं की निकाल इकडेतिकडे. बाईसाहेबांनी वाटलं की त्यांचीच बाजू वर. डॉक्टर एकदा हसत म्हणाले, "बाईसाहेब वाटतात तेव्हा वाढपी ओळखीचा असल्यासारखं होतं. फक्त ओळख आमची नसते." समोर बसून मावशी जिंकत होत्या, आणि एकेका डावागणिक त्यांचा चेहरा उतरत होता.

मी त्यांना शब्द दिला. "शेवटच्या रविवारी मी सगळ्यांसमोर वही उघडते. मग त्यांना बोलावंच लागेल." त्या भरवशावर मावशींनी मुलाला होकार कळवला. मंगळवारचं विमान ठरलं.

त्याच महिन्यात माझ्या मुलीचा बारावीचा निकाल लागला. इंजिनीअरिंगला जेमतेम लागेल असे गुण. बाईसाहेबांचे दीर एका कॉलेजच्या मंडळावर होते. बाईसाहेबांनी आपणहून विचारलं, "मुलीचं काय करतेस? मी शब्द टाकते." मी त्यांच्या पाया पडले. प्रवेशाची यादी बुधवारी लागणार होती. मावशी मंगळवारी जाणार होत्या.

त्या रात्री मी नेहमीसारखा कागद घेतला. एक, प्रवेश. दोन, मावशींचं काम. माझ्या कामाची पद्धतच ती: ज्याला मुदत आहे ते आधी. मावशींना पत्रानेही कळवता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. वहीची पानं सोबत जोडू. बाईसाहेबांशी नंतर बोलू, आणि त्या जे म्हणतील तेही लिहू. कागदावर सगळं नीट बसलं.

शेवटच्या रविवारी मावशींनी मलिदा केला होता. गोडाचे पोहे, वर ओलं खोबरं. डाव झाला. डॉक्टर बशी पुसून खात म्हणाले, "तिकडे असला मलिदा कोण देणार हो तुम्हाला?" मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पत्ते गोळा करून पेटीत भरले आणि बाईसाहेबांकडे पाहिलं.

"मी निघाले आता. तुझं काही सांगायचं राहिलंय का गं?"

"तिकडे थंडी असते म्हणे," बाईसाहेब म्हणाल्या. "स्वेटर घे दोन."

मावशी माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? वही तुझ्याकडे असते. तुला दिसलं का काही?"

वही माझ्या मांडीवर होती. रकाना भरलेला होता.

"माझं लक्ष गुणांकडे होतं, मावशी," मी म्हणाले.

त्यातही खोटं काही नव्हतं. मावशींनी दोनदा मान हलवली. घाईची नाही, रागाचीही नाही. दुकानदाराने माल संपला म्हटल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी. बाईसाहेब गाडीत बसल्या, डॉक्टर गेले. मी कपबशा विसळायला घेतल्या तर मावशी म्हणाल्या, "राहू दे." दाराशी त्यांनी पानदान माझ्या हातात ठेवलं. "चांदीचं वजन विमानात कशाला?"

मंगळवारी त्या गेल्या. मी कचेरीत होते. रजा शिल्लक होती.

बुधवारी यादी लागली. मुलीचं नाव गुणवत्ता यादीत, शेवटून चौथं. मी पेढे घेऊन वाडीवर गेले तेव्हा बाईसाहेब कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, दिरांना फोन करायचा राहूनच गेला बघ! लागलं का नाव? छान झालं." त्या पेढा खात होत्या. तिथे तरी मी बोलायला हवं होतं. आता मला त्यांच्याकडून काहीच नको होतं, अडत तर नव्हतंच. पण पेढे देऊन आभार मानायला आलेल्या बाईने त्याच दमात काय बोलायचं, ते मला सुचलं नाही.

पत्र मी चारदा लिहायला घेतलं. 'तुमचं खरं होतं' इथपर्यंत येत असे. पुढच्या ओळीत, मग त्या दिवशी गप्प का बसले, हे लिहायला लागणार होतं. दरवेळी तिथेच थांबले. चार वर्षं ते काम डायरीत राहिलं, आणि मग त्यांच्या प्रार्थनास्थळाची देखभाल करणाऱ्या काकांकडून त्या वारल्याचं कळलं. तिकडे त्यांचं कुणाशी फारसं जमलं नाही म्हणे. पत्त्यांना हात लावला नाही.

रविवारचा डाव मात्र मोडला नाही. मावशी इस्रायलला गेल्यावर तो आमच्याकडे बसू लागला. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. बाईसाहेबांची भिडू मी झाले, डॉक्टर आपला भिडू कुणी ना कुणी घेऊन येत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ते पानदान काढ गं, मला लवंग लागते." मी काढलं. कामाच्या बाईने ते घासलेलंच ठेवलं होतं. नव्या वहीत 'कुणी वाटले' हा रकाना आखला नाही.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका बँकेतल्या बाईंना भिडू म्हणून आणलं. तरुण, हुशार, बोलायला मोजक्या. माझ्याशी त्यांचं छान जमलं; दोनदा घरी जेवायला आल्या, माझ्या डायरीसारखी डायरी घेतली. तिसऱ्या रविवारी बाईसाहेब पत्ते वाटत होत्या तेव्हा या बाईंची नजर पानदानावर गेली, मग बाईसाहेबांच्या हातावर. त्यांनी आपले पत्ते पालथे ठेवले.

"हे पानदान कुणाचं आहे?"

बाईसाहेब लवंग चघळत होत्या. "हिचं," त्या म्हणाल्या.

बँकेतल्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर चष्मा पुसत होते. मी, "हो, माझंच," म्हणाले.

त्या पुन्हा आल्या नाहीत. महिन्याभराने मंडईत दिसल्या, चार हातांवर. मी हाक मारली. त्यांना ऐकू गेली असावी, कारण त्या टोपलीवर आणखी वाकल्या आणि एकेक भेंडी मोडून बघत राहिल्या.