मिरी कुटताना

आज मसाल्यासाठी खलबत्त्यात मिरी कुटायला घेतली आणि दुसऱ्याच घावाला दोन-तीन दाणे टुणकन उडून ओट्याखाली गेले. मिरी अशीच पळते. म्हणून मी कुटायला बसले की हे समोर बसायचे आणि दोन्ही तळहातांनी खलबत्त्याच्या तोंडाला आडोसा धरायचे. मसाला माझ्या हातचा, असं सगळे म्हणत. त्यातला अर्धा त्या आडोशाचा होता.

दिवाळीच्या मसाल्याला माझा नेम चुकला. बत्ता ह्यांच्या अंगठ्यावर बसला. मी रडकुंडीला आले, तर हे म्हणाले, "अगं, नखच ते, येईल नवं. तू कूट."

नख काळंनिळं पडलं. मग तो डाग हळूहळू वर सरकू लागला. "बघ, चालला तुझा डाग," असं म्हणत येईल-जाईल त्याला हे कौतुकाने अंगठा दाखवायचे.

संक्रांतीनंतर हे अचानक गेले. तुळशीपत्र ठेवताना मी हात हातात घेतला. डाग जेमतेम अर्ध्या नखापर्यंत आला होता.

आता मी डाव्या हाताने खलबत्त्याचं तोंड झाकते आणि उजव्याने कुटते. नेम चुकत नाही. चुकला तरी चालेल.